खालच्या वळ्याच्या खाली

संचिता इंगळेला ती नोकरी मिळाली ते तिच्या बोलण्यामुळे. नौपाड्यात दातांच्या दवाखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, शेतकऱ्यांना फोनवरून मोफत सल्ला देणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस होतं. तिथली बाकीची मुलं ठाण्या-डोंबिवलीत वाढलेली. पलीकडचा माणूस गावच्या भाषेत घाईघाईने काही सांगायला लागला की ती स्क्रीनवरची वाक्यं वाचून दाखवत. संचिताचं घर मूळचं हिंगोलीकडचं. दिव्याला राहायला येऊन पंधरा वर्षं झाली तरी आईची बोली बदलली नव्हती, त्यामुळे कोण काय म्हणतंय ते संचिताला दुसऱ्यांदा विचारावं लागत नसे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रिसोडकडच्या एका गावातून विमलाबाईंचा फोन आला. आवाजावरून बाई साठीच्या वाटत होत्या.

“पोरी, सोयाबीनची पानं मधातच मान टाकून राह्यली. पाणी हाये, खत देल्लं, तरी वाळतेच.”

“सगळ्या झाडांची वाळतायत का, मावशी?”

“नाई, अधीमधी. अन् वाळल्या देठाले दोन वळे पडेल हायेत. सुतळीनं आवळल्यावानी.”

कंपनीचं अ‍ॅप विमलाबाईंच्या फोनमध्ये चालेना, म्हणून संचिताने स्वतःच्या नंबरवर फोटो मागवला आणि तो उत्तरा बर्व्यांना दाखवला. उत्तरा मॅडम कृषी महाविद्यालयात तीस वर्षं कीटकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. राहायला दोन गल्ल्या पलीकडे. कंपनीने त्यांना तज्ज्ञ म्हणून नेमलं होतं, आठवड्यातून तीन दिवस त्या चालत यायच्या.

“चक्रीभुंगा,” फोटो बघताच त्या म्हणाल्या. “मादी देठाभोवती दोन रिंगणं कोरते आणि दोन्हींच्या मध्ये अंडं घालते. वरचं पान वाळतं. अळी देठातून खाली उतरत खोडात जाते. एकदा खोडात गेली की वरून काहीही फवारा, तिच्यापर्यंत पोचत नाही.”

“मग काय सांगू त्यांना?”

“अजून उशीर झालेला नाही. वाळलेलं देठ खालच्या रिंगणाच्या खालून तोडायचं. अळी त्या तुकड्यातच असते. सगळे तुकडे गोळा करून शेताबाहेर नेऊन पुरायचे. पंधरा दिवसांत दोनदा. एवढ्यावर भागलं नाही तर फवारणी, पण तीही शिफारस केलेल्या कीटकनाशकाची आणि अळी खोडात जायच्या आत.”

संचिताने हे सगळं विमलाबाईंना त्यांच्या भाषेत समजावून सांगितलं.

“म्हंजे इकत काईच आणा लागत नाई?”

“आत्ता तरी काही नाही, मावशी.”

“खालच्या वळ्याच्या खाली,” विमलाबाई पाठ केल्यासारखं म्हणाल्या. “आजच बाया घेऊन जातो.”

दुसऱ्या दिवशी रिसोडचेच आणखी सहा फोन आले. मग सेनगावचे. आठवडा संपायच्या आत हिंगोली आणि जिंतूर. संचिताने भिंतीवरच्या नकाशात प्रत्येक गावावर टिकली चिकटवायला सुरुवात केली. टिकल्या रोज खाली सरकत होत्या.

“मॅडम, हा भुंगा चालत येतोय का तालुक्या-तालुक्याने?”

“थोडा उडतो. पण एवढा नाही,” उत्तरा मॅडम नकाशाजवळ येऊन म्हणाल्या. “तो सगळीकडे थोडाफार असतोच. जिथे पेरणी आधी झाली तिथे आधी दिसतो. गंगाखेड, पालमकडे पेरणी उशिरा झालीये ना? म्हणजे तिथल्या लोकांच्या हातात अजून आठ-दहा दिवस आहेत. त्यांना आज कळलं तर ते वाचतात.”

हे ऐकून संचिता तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. सलिल कर्णिक चौतिशीचा, नीटनेटका, कुणावर आवाज न चढवणारा माणूस. तिने सांगितलं की खालच्या तालुक्यांतल्या सगळ्या नंबरांवर उत्तरा मॅडमच्या आवाजात संदेश पाठवू या, आजच.

“चांगला पॉइंट आहे,” सलिल म्हणाला. “वर विचारतो.”

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या स्क्रीनवर नवीन मजकूर आला. सोयाबीनची पाने वाळत असल्याची तक्रार आल्यास ‘पिकाला ताण बसला आहे’ असे सांगावे. ‘कीड’ हा शब्द वापरू नये. कंपनी विकत असलेल्या पीकवाढीच्या टॉनिकच्या दोन फवारण्या सुचवाव्यात.

संचिताने ते दोनदा वाचलं. वाचता वाचता तिचे कान तापले. शेजारी बसणाऱ्या हर्षितला तिने विचारलं, “हे बघितलंस?”

“बघितलं ना. अरे, आपल्याला काय, जे लिहिलंय ते बोलायचं.”

“आणि त्यांची शेतं गेली म्हणजे?”

हर्षितने हेडफोन कानाला लावला.

त्या दिवसापासून संचिताने स्क्रीन वाचणं बंद केलं. प्रत्येक फोनला ती विचारायची, देठावर दोन रिंगणं आहेत का, आणि असली तर मॅडमनी सांगितलं तेच सांगायची. पण ती एकटी होती, मॅडमही सोमवारपर्यंत येणार नव्हत्या. बाकीचे अकरा जण टॉनिक सांगत होते.

रविवारी सकाळी दिव्याच्या चाळीत टँकर आला होता. संचिता आणि तिचा भाऊ सुदेश कॅन भरून जिन्यातून वर चढवत होते. सुदेश टेम्पो चालवायचा. सध्या कुठे जातोस, असं तिने सहज विचारलं.

“शहाडला. नदीच्या साइडला गोडाऊन आहे ना, तिकडून माल उचलतो आणि भिवंडीला ट्रान्सपोर्टला टाकतो. तुझ्याच कंपनीचा माल आहे.”

“काय माल?”

“टॉनिक. चार दिवस झाले, खेपांवर खेपा. पूर्ण गोडाऊन खाली करतायत.” त्याने कॅन खाली ठेवला आणि घाम पुसला. “खोक्यावर बघितलं मी, सप्टेंबरची एक्स्पायरी आहे. तिथला सुपरवायझर बोलत होता, ऑगस्टमध्ये सगळं खपलं पाहिजे, नाहीतर फेकावं लागेल.”

संचिता पायरीवर बसलीच.

“काय झालं?”

“ताण,” ती म्हणाली. “पिकाला ताण बसलाय म्हणे.”

सुदेशला काही कळलं नाही. तिने सगळं सांगितल्यावर त्याने कॅन पुन्हा उचलला. मग म्हणाला, “माझं नाव नको घेऊ हां. पण सोडू पण नको.”

सोमवारी जिंतूरहून देवराम नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. ठरलेला नमस्कार वगैरे काही नाही.

“तुमच्या त्या डॉक्टर उत्तरा बर्वेबाई हायेत का तिथं? त्यांना द्या फोन.”

“काय झालं, दादा?”

“काय झालं? त्यांच्या नावाचा मेसेज आला, टॉनिक मारा. मारलं. दोनदा मारलं. आज खोड चिरून पाहिलं तर आत बोटाच्या पेराएवढी पिवळी अळी! माझं पाच एकर हाय. डॉक्टरीणबाईला म्हणावं, इथं येऊन बघा.”

संचिताने पाहिलं तर उत्तरा मॅडम समोरच्या खुर्चीत चष्मा पुसत बसल्या होत्या. तिने फोन त्यांच्या हातात दिला. मॅडम ऐकत गेल्या.

“देवराम, तो मेसेज मला वाचून दाखवता?” त्या म्हणाल्या.

देवरामने वाचला. शेवटी, ‘तज्ज्ञ सल्ला: डॉ. उत्तरा बर्वे.’

“हे मी लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण माझं नाव आहे. म्हणजे जबाब मलाच द्यावा लागेल.” आता काय करता येईल ते त्यांनी त्याला खरं खरं सांगितलं. खोडात गेलेल्या अळीचं काही करता येणार नव्हतं. जिथे अजून फक्त देठं वाळली होती तेवढी वाचवता आली असती. फोन ठेवून त्या उठल्या. “चल गं माझ्याबरोबर.”

सलिलच्या केबिनचं दार त्यांनी न वाजवताच उघडलं.

“बसा ना, मॅडम.”

“मी उभी बरी आहे. माझ्या नावाने लोकांना खोटं कुणी सांगितलं?”

“खोटं नाही, मॅडम. मार्केटिंगने ड्राफ्ट केलंय. तुमचं नाव सगळ्याच मेसेजला आपोआप लागतं.”

“आपोआप? मी माणूस आहे का रबरी शिक्का?”

सलिलने हात जोडल्यासारखे केले. “कीड म्हटलं की लोक घाबरतात. दुकानात जाऊन वाट्टेल ते जहाल औषध आणतात. आम्ही जबाबदारीने सौम्य काहीतरी—”

“टॉनिकने अळी मरते का?”

“टॉनिकने झाडाची ताकद वाढते.”

“मी वेगळं विचारलं. अळी मरते का?”

सलिलने समोरचा कागद उलटा करून ठेवला.

“सर,” संचिता म्हणाली, “त्या मालाची एक्स्पायरी सप्टेंबरची आहे ना?”

सलिलने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “हे तुला कुणी सांगितलं?”

खोटं आहे, असं तो म्हणाला नाही.

“वरून आलंय ते,” तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच थकलेला होता. “मी नाही म्हटलं तर या खुर्चीत दुसरा बसेल. मेसेज तर जाणारच.”

“बसू दे दुसरा,” उत्तरा मॅडम म्हणाल्या. “निदान तू तरी त्यात नसशील.”

बाहेर आल्यावर मॅडमनी पर्समधून आपल्या कराराची प्रत काढली. त्यात स्पष्ट होतं, तज्ज्ञाच्या नावाने जाणारा प्रत्येक संदेश तज्ज्ञाच्या मंजुरीनेच जाईल. “म्हणजे मी मंजूर केलेला एक संदेश जायला काही हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “पाठवायची सोय कुणाकडे असते?”

पावसाचे इशारे पाठवण्यासाठी संचिताला ती परवानगी दिलेली होती.

दुपारी त्या दोघी मॅडमच्या घरी गेल्या. प्रभाकरकाका, मॅडमचे यजमान, सगळं ऐकून उठले आणि रिक्षांचे हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला. त्या उकाड्यात मॅडमनी दीड मिनिटाचा संदेश म्हटला. दोन रिंगणं कशी ओळखायची, कुठून तोडायचं, तोडलेलं कुठे टाकायचं, आणि टॉनिकने ही अळी मरत नाही. संचिताने अवघड शब्द बदलून घेतले. ‘पर्णदेठ’ काढून ‘पानाचं देठ’ केलं.

“तुझी नोकरी जाईल हं,” काका म्हणाले. “घरी कल्पना दिली आहेस का?”

“भावाला ठाऊक आहे, काका.”

मंगळवारी सकाळी अकरा वाजता संचिताने तो संदेश खालच्या सहा तालुक्यांत पाठवला. पडद्यावर नंबर पुढे सरकत होते आणि ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. पावणेबाराला तिचं लॉगिन बंद पडलं. बाराला सलिल तिच्या टेबलाशी आला. त्याच्याबरोबर एक अनोळखी बाई होती, तिच्या हातात कागद होता.

“बॅग घे,” सलिल म्हणाला. “सॉरी.”

“मला सॉरी नका म्हणू, सर. देवरामला म्हणा. त्याचा नंबर सिस्टिममध्ये आहे.”

त्याने मान फिरवली. त्या खोलीतल्या सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनवर डोळे लावले. हर्षितने मात्र तिची पाण्याची बाटली उचलून दारापर्यंत आणून दिली.

कंपनीवाले एवढ्यावर थांबले असते तरी समजून घेता आलं असतं. संध्याकाळी त्याच सहा तालुक्यांत दुसरा संदेश गेला. ‘आज सकाळी आलेला संदेश तांत्रिक चुकीमुळे पाठवला गेला होता. कृपया त्याकडे दुर्लक्ष करावे. पिकाच्या जोमदार वाढीसाठी आमचे टॉनिक वापरावे.’ आणि खाली पुन्हा, तज्ज्ञ सल्ला: डॉ. उत्तरा बर्वे.

हर्षितने पाठवलेला तो संदेश उत्तरा मॅडमनी वाचला तेव्हा त्या घरी चहा गाळत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं. तीस वर्षं त्यांनी वर्गात एक चुकीचं नाव फळ्यावर लिहिलं तरी दुसऱ्या दिवशी मुलांची माफी मागून खोडलं होतं. आणि आता ही कोण माणसं होती, जी त्यांच्या तोंडाने शेतकऱ्याला सांगत होती की खरं बोललो ते चुकून बोललो?

“मला कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटतेय,” त्यांनी संचिताला फोनवर सांगितलं. “आयुष्यात पहिल्यांदा.”

“मॅडम, माझ्याकडे आता शेतकऱ्यांचे नंबर नाहीत. सगळे ऑफिसमध्ये राहिले.”

“एकही नाही?”

एक होता. फोटो मागवताना स्वतःच्या फोनमध्ये राहिलेला.

विमलाबाईंची दोनदा देठं तोडून झाली होती. गावच्या बायका रोज पोती घेऊन जात होत्या. संचिताने सगळी हकिगत सांगितली. टॉनिक, एक्स्पायरी, मॅडमचं नाव, नोकरी.

“तुले काढून टाकलं? खरं बोलली म्हणून?”

“हो, मावशी.”

“अन् थे लोक अजून तसंच सांगून राह्यले?”

“हो.”

“मुर्दे हो!” विमलाबाई कडाडल्या. “थांब. सगुणाले बोलावतो. तिले मोबाइलवरचं समदं येते.”

सगुणा म्हणजे त्यांची सून. दुसऱ्या दिवशी दुपारी संचिताच्या फोनवर व्हिडिओ आला. विमलाबाई गुडघाभर सोयाबीनमध्ये उभ्या, डोक्यावर पदर, हातात वाळलेलं देठ. त्यांनी दोन्ही वळी कॅमेऱ्याजवळ आणून दाखवली. नखाने देठ चिरलं. आतली अळी तळहातावर ठेवली. “हे पाहा. हे टॉनिक पिऊन मरत नाई, अजून लठ्ठ होते. खालच्या वळ्याच्या खाली तोडा. इकत काईच आणू नोका. अन् फोनवर कोनी म्हनलं का पिकाले ताण हाये, तर त्याले म्हना, ताण आमच्या डोक्याले हाये तुमच्या पायी!”

मागे बायका हसत होत्या. सगुणाच्या हसण्याने चित्र हललं होतं.

तो व्हिडिओ विमलाबाईंच्या बचत गटात गेला, तिथून तालुक्याच्या गटांत, कुणाच्या माहेरी, कुणाच्या लेकीच्या सासरी. पाचव्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपमधल्या पालमच्या एका अनोळखी बाईने तो संचितालाच पाठवला, ‘ताई, तुमच्याकडेही सोयाबीन असेल तर पाहा’ असं लिहून. दिव्याच्या चाळीत, पाण्याच्या रांगेत उभी राहून संचिता तो पुन्हा पाहत होती आणि तिला रडू येत होतं. रागाचंही होतं त्यात. एवढी मोठी कंपनी, एवढे कॉम्प्युटर, शेतकऱ्यांच्या सेवेसाठी अशी दारावर पाटी, आणि सांगण्याचं काम करावं लागलं ते शेतात उभ्या असलेल्या बाईला.

गंगाखेड-पालमकडे बरंचसं पीक हाती लागलं. जिंतूरला नाही. ऑक्टोबरात देवरामचा फोन आला. संचिताचा नंबर त्याने व्हिडिओतल्या विमलाबाईंकडून मिळवला होता. कापणीला हात लावला की झाडं मोडून पडत होती, शेंगा भरल्याच नव्हत्या.

“ताई, एक विचारू? तुम्ही मला खोटं नाही बोललात. पण तो मेसेज तुमच्याच हापिसातून आला होता ना?”

“हो,” संचिता म्हणाली. “तक्रार करणार असाल तर मी साक्ष देईन. मॅडमही देतील.”

देवराम ठाण्याला आला तो वाळक्या झाडांची मोळी घेऊन. तिघं कृषी खात्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी अर्ज वाचून मागे सरकवला. “माल विकला परभणीत, तक्रार इथे कशी? तिकडे करा.”

“तिकडे केली,” देवराम म्हणाला. “ते म्हणतात, कंपनी ठाण्याची हाय, तिकडं जा.”

त्याने मोळी टेबलावर ठेवली.

“अहो, खाली ठेवा ते! टेबल खराब होतं.”

“टेबल?” उत्तरा मॅडमचा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतले दोघं दारात आले. “या माणसाचं पाच एकर पीक गेलं आणि तुम्हाला टेबलाची काळजी? चिरा ते खोड. तुमच्या हाताने चिरा आणि काय दिसतं ते लिहा. तोवर मी इथून हलणार नाही.”

साहेबांनी आधी त्यांच्याकडे, मग दारातल्या माणसांकडे पाहिलं. पेपर कापायची सुरी घेऊन त्यांनी एक खोड चिरलं. आत वरपासून खालपर्यंत पोकळ भुसा होता, आणि बुडाशी अळी, जिवंत. त्यांनी अर्ज घेतला. शिक्का मारून पोच दिली.

जानेवारीत निकाल आला. त्या टॉनिकच्या विक्रीला दोन जिल्ह्यांत बंदी. ज्या मालाची मुदत सप्टेंबरातच संपली होती, तो माल आता विकायचा नाही! देवरामच्या नुकसानीबद्दल अवाक्षर नव्हतं. सल्ल्याचा नंबर चालूच होता. संचिताला एव्हाना कल्याणला एका बियाण्यांच्या दुकानात काम मिळालं होतं. तिने आदेश वाचला, घडी घातली आणि मॅडमना फोन केला.

“अपील करायचं,” मॅडम म्हणाल्या. “देवरामला विचार. आणि ऐक, हरभऱ्यावर त्यांचे नवीन मेसेज सुरू झालेत. आता खाली नाव कुणाचं असतं, माहीत आहे? डॉ. शौनक लेले. डोंबिवलीला राहतो. माझाच विद्यार्थी निघाला.”

“त्याला माहीत असेल का, त्याच्या नावाने काय जातंय ते?”

“तेच विचारायला जाऊ या.”

रविवारी दोघी डोंबिवलीला गेल्या. दार शौनकनेच उघडलं, कडेवर लहान मुलगी. मॅडमना बघून तो खूश झाला, वाकून नमस्कार करायला लागला.

“नमस्कार नंतर,” मॅडम म्हणाल्या. “आधी हे वाच. तू लिहिलेलं आहेस का?”

संचिताने फोन पुढे केला. शौनकने मुलीला खाली ठेवलं, टेबलावरचा चष्मा उचलला आणि दारातच उभा राहून वाचायला सुरुवात केली.